पिसं, रक्त, आतडी: उरलेल्या मालातून माशांसाठी चांगलं खाद्य कसं घडवायचं

कोंबडी साफ करून झाली की जिवंत वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा मागे उरतो. पिसं, रक्त, डोकी, पाय, आतडी. गुरांच्या बाबतीत हा हिस्सा निम्म्याच्या आसपास जातो, आणि माशाचे फिले, म्हणजे काट्याविना मांसाचे काप, काढले तर मागे राहिलेला सांगाडा, डोकं आणि कातडी अनेकदा फिलेपेक्षा जड भरतात. आपण या ढिगाला घाण म्हणून मोकळे होतो. प्रयोगशाळेत तोच ढीग नेला तर ढोबळ हिशोब असा निघतो: ६० टक्के पाणी, २० टक्के चरबी, २० टक्के प्रथिनं आणि खनिजं. पाणी उडवा, चरबी वेगळी करा, आणि हातात येते ती माशांच्या खाद्यातली सर्वात महागडी गोष्ट, म्हणजे प्रथिनं.

याची गरज का पडली? माशांच्या खाद्यात प्रथिनांसाठी फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी, वापरतात. जगात वर्षाला साधारण ५० लाख टन फिशमील तयार होतं आणि कित्येक वर्षांत हा आकडा फारसा वर सरकलेला नाही. मत्स्यपालन मात्र वाढतच गेलं. त्यातच फिशमीलचा मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोवेटा नावाच्या छोट्या मासळीवर टेकलेला आहे. एल निनोच्या वर्षी समुद्राचं पाणी तापलं की ही मासळी खोल किंवा दूर जाते. २०२३ मध्ये तर पेरूला वर्षाचा पहिला हंगामच रद्द करावा लागला होता. एका माशाच्या मर्जीवर दुसऱ्या माशाचं जेवण ठेवणं शहाणपणाचं नाही, हे तेव्हा पुन्हा एकदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

या विषयावर बोलताना लोक कुकर, प्रेस आणि ड्रायर यांच्याबद्दल भरभरून बोलतात. पण मालाची प्रत यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच बरीचशी ठरलेली असते. माल किती ताजा होता आणि किती वेगवेगळा ठेवला होता, या दोन गोष्टींवर. सडलेला माल कुकरमध्ये घातला तर निर्जंतुक केलेला सडका माल बाहेर येतो, इतकंच. म्हणून या लेखात यंत्राआधीच्या कामाला थोडी जास्त जागा दिली आहे.

आधी काय घ्यायचं नाही ते ठरवा

रवंथ करणाऱ्या जनावरांचा, म्हणजे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचा माल पहिल्यांदा बाजूला काढा. यामागे एक मोठी किंमत मोजून शिकलेला धडा आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली गुरांमधला बीएसई हा मेंदूचा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. मेलेल्या जनावरांपासून केलेली मांस-हाडांची भुकटी पुन्हा गुरांनाच खाऊ घातल्यामुळे तो पसरला. १९९६ मध्ये माणसातल्या एका जीवघेण्या रोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला आणि २००१ पासून युरोपीय संघाने शेतीतल्या प्राण्यांच्या खाद्यात प्राणिजन्य प्रथिनांवर जवळपास सरसकट बंदी घातली. रवंथ न करणाऱ्या प्राण्यांची प्रथिनं माशांच्या खाद्यात परत यायला २०१३ उजाडलं, कीटकांची प्रथिनं आली २०१७ मध्ये. या रोगाला कारण असणारं प्रिऑन हे बिघडलेलं प्रथिन नेहमीच्या शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होतंच असं नाही. त्यामुळे इथे 'नीट शिजवू' हे उत्तर चालत नाही; तो माल मुळात आतच येऊ द्यायचा नाही. काही देशांत अशा मालाला माशांच्या खाद्यापुरती परवानगी आहे, काही ठिकाणी मुळीच नाही. आपल्याकडचा नियम काय सांगतो ते पहिली पिशवी उचलायच्या आधी पशुवैद्यकीय खात्याकडून लेखी घ्या.

रोगाने मेलेले प्राणी, औषध दिल्यावर पाळायची मुदत न संपलेले प्राणी, आतड्यातला मळ आणि जनावरांचं शेण हेही बाहेर. आणि एक नियम माशांचाही आहे: पाळलेल्या ज्या जातीच्या माशांचा उरलेला भाग असेल, तो त्याच जातीला परत खाऊ घालू नये. रोगाचं चक्र तिथेच बंद होतं. तयार मालात कुठल्या प्राण्याचा अंश आहे हे पोत्यावर स्पष्ट लिहा; काही खरेदीदारांना ठरावीक प्राण्याचा अंश मुळीच चालत नाही, आणि डीएनए तपासणीत तो लपत नाही.

ढीग एक दिसतो, पण ते चार-पाच वेगळे माल आहेत

सगळं एकाच पिंपात टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. प्रत्येक मालाला शिजायला वेगळा वेळ आणि वेगळी उष्णता लागते, आणि प्रत्येकातून निघणारा घटकही वेगळा असतो.

कोंबडीची आतडी, डोकी, पाय आणि सांगाडे यांपासून जी भुकटी होते ती या सगळ्यांत माझ्या मते सर्वात कामाची. प्रथिनं साधारण ५८ ते ६७ टक्के, चरबी १२-१४ टक्के आणि अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांचा, समतोल फिशमीलच्या बराच जवळ. पिसांची भुकटी ८० टक्क्यांच्या वर प्रथिनं दाखवते, पण ती सगळी केराटिन नावाचं चिवट प्रथिन. त्यात लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं कमी. रक्ताची भुकटी ८५ ते ९० टक्के प्रथिनांची, लायसिनने भरलेली, पण आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल जेमतेम एक टक्का. मांस-हाडांची भुकटी ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांची, आणि राख मात्र २५ ते ३५ टक्के, म्हणजे हाडंच जास्त. मासळीच्या उरलेल्या भागाची गोष्ट निराळी आहे. त्यात माशाचंच तेल असतं आणि ते जपण्यासारखं असतं.

गंमत अशी की पिसांत जे नाही ते रक्तात आहे. या दोघांचं लग्न लावून दिलं की खाद्याचा हिशोब जमतो. पण मिसळायचं ते शिजवून, वाळवून झाल्यावर, मोजून मापून. कच्चं असताना पिंपात एकत्र केलं तर पिसं शिजेपर्यंत रक्त करपतं.

उचलणं आणि साठवणं

रक्त काही तासांतच हाताळायला हवं. ताजं रक्त हे जिवाणूंचं आवडतं घर आहे, आणि त्यात घन पदार्थ फक्त १८ ते २० टक्के असल्यामुळे धुण्याचं पाणी त्यात मिसळलं की सुकवायचा खर्च उगाच वाढतो. रक्तासाठी वेगळी नाली, वेगळी झाकणाची टाकी, हा पहिला खर्च करा. आतडी आणि सांगाडे चार-पाच अंशांवर थंड ठेवता येत नसतील तर त्याच दिवशी शिजवा, कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत. पिसं थोडी सबुरी धरतात, पण ओल्या ढिगात तीही तापतात.

सडताना नेमकं काय होतं हे माहीत असलं की घाई का करायची ते कळतं. जिवाणू अमिनो आम्लांचे तुकडे करून हिस्टामाइन, कॅडाव्हेरिन, प्युट्रेसिन अशी संयुगं बनवतात. ही कुकरच्या उष्णतेने जात नाहीत. प्रथिनांचा आकडा तितकाच राहतो, मासा मात्र खाद्याकडे पाठ फिरवतो. दुसरीकडे चरबी फुटून मुक्त मेदाम्लं वाढतात. चरबीतलं त्यांचं प्रमाण मोजलं की माल किती शिळा होता ते उघडं पडतं. माल देणाऱ्याचं तोंड आणि चरबीचा अहवाल यांत तफावत असेल तर अहवालावर विश्वास ठेवा.

उचलताना धातू आणि प्लॅस्टिक वेचा. कानातले बिल्ले, चाकूची पाती, हातमोजे, पिशव्यांच्या चिंध्या हे सगळं नेहमी सापडतं. धातू पुढे चुंबकाला लागेल, पण प्लॅस्टिक शिजून, दळून खाद्यात मिसळून जातं आणि मग काढता येत नाही.

इथे एक इशारा, आणि तो गंभीर आहे. रक्त-आतड्यांच्या साठवण टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. आधी कुजलेल्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं, आणि माणसाला वाटतं की हवा साफ झाली. टाकीत एकट्याने उतरायचं नाही, वायू मोजल्याशिवाय तर मुळीच नाही, आणि आत पडलेल्याला वाचवायला मागोमाग उडी मारायची नाही.

शिजवणं: आतडी, डोकी, सांगाडे

या प्रक्रियेला रेंडरिंग म्हणतात. क्रम सरळ आहे: बारीक करणं, शिजवून पाणी उडवणं, चरबी पिळून काढणं, दळणं.

तुकडे आधी करा. मोठा तुकडा बाहेरून करपतो आणि मधे कच्चा राहतो. जगभर आधार मानली जाणारी सर्वात कडक पद्धत अशी आहे: तुकडे ५० मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत, आणि त्यांच्या मध्यापर्यंत १३३ अंश सेल्सिअस, ३ बार दाबाची वाफ, सलग २० मिनिटं. प्रत्यक्षात बहुतेक कोंबडीच्या मालासाठी २०-३० मिलिमीटरचे तुकडे करून ११५ ते १४५ अंशांच्या दरम्यान पाऊण ते दीड तास शिजवतात. तापमान मोजायचं ते कुकरच्या भिंतीचं नाही, मालाच्या मध्याचं. आणि त्याची नोंद कागदावर, प्रत्येक बॅचची.

कोरड्या पद्धतीत मालातली चरबीच उष्णता वाहून नेते, एका अर्थी माल स्वतःच्याच चरबीत तळला जातो. पाणी वाफ होऊन निघून जातं. एक टन कच्च्या मालातून सुमारे ६०० किलो पाणी उडवायचं असतं आणि प्रत्येक किलोला किमान २.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. या उद्योगात इंधनाचं बिल कुठून येतं ते यावरून कळतं, आणि पाणी न घालता माल गोळा करण्यावर एवढा भर का तेही.

कुकरमधून बाहेर आलेला माल स्क्रू प्रेसमधून काढा. पिळून झाल्यावर भुकटीत १० ते १२ टक्के चरबी उरते, ती राहू द्या. पिळलेली चरबी निवळून किंवा सेंट्रिफ्यूजमधून गाळून घ्या. हिशोब मांडायचा तर १००० किलो कच्च्या मालात २०० किलो प्रथिनं-खनिजं आणि २०० किलो चरबी धरा. भुकटीत १२ टक्के चरबी आणि ६ टक्के ओलावा राहिला तर भुकटी भरते सुमारे २४० किलो आणि बाजूला चरबी निघते १७० किलोच्या आसपास. या आकड्यापेक्षा तुमचं उत्पादन खूप कमी असेल तर एकतर माल पाण्याने भरलेला आला, नाहीतर कुठेतरी सांडतंय.

जास्त शिजवणं ही कमी शिजवण्याइतकीच मोठी चूक आहे, फक्त ती दिसत नाही. रंग गडद होतो, ओलावा चार टक्क्यांच्या खाली जातो, आणि लायसिन इतर घटकांशी घट्ट बांधलं जातं. प्रयोगशाळेच्या कागदावर ते दिसत राहतं, माशाच्या पोटात मात्र सुटत नाही.

पिसं: दाबाची वाफ, आणि घड्याळाकडे लक्ष

पिसातलं केराटिन गंधकाच्या दोन-दोन अणूंमधल्या बंधांनी शिवलेलं असतं. ते बंध तोडल्याशिवाय पीस म्हणजे माशासाठी दोरी. ते तोडायला दाबाची वाफ लागते: सर्वसाधारणपणे २ ते ४ बार, अर्धा ते एक तास, सतत ढवळत. दाब जास्त असेल तर वेळ कमी. झालेला माल चिमटीत धरला तर चुरा झाला पाहिजे आणि पिसाचा दांडा सापडता कामा नये.

वेळ वाढवला की मात्र दुसरंच होतं. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल नष्ट होतं आणि लॅन्थिओनिन नावाचं माशाला काहीच उपयोग नसलेलं संयुग तयार होतं. म्हणजे कमी शिजलं तर पचत नाही, जास्त शिजलं तर उरत नाही. मधली खिडकी अरुंद आहे आणि ती प्रत्येक कुकरसाठी वेगळी असते. नवीन कुकर लावला की एकाच दाबावर २०, ३०, ४० आणि ५० मिनिटांचे नमुने काढून पेप्सिनची पचनीयता तपासा, म्हणजे पेप्सिन या पाचक विकरात किती प्रथिन पचतं ते. ७५ टक्के ही किमान मर्यादा मानली जाते. तिथवर सर्वात कमी वेळात पोहोचणारी सेटिंग भिंतीवर लिहून ठेवा. केराटिन तोडणारी विकरं वापरूनही हे काम होतं, उष्णता कमी लागते, पण विकराचा खर्च आणि बॅचमागे लागणारा वेळ बघूनच त्या वाटेला जा.

रक्त: जितकं पटकन सुकेल तितकं चांगलं

रक्तात वाफ सोडून ते ९० अंशांच्या आसपास नेलं की प्रथिनं गोठतात. मग डिकँटरमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, पाणी काढा आणि घट्ट गोळा ड्रायरकडे पाठवा. इथे ड्रायरचा प्रकार सगळं ठरवतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास सुकवलेलं रक्त काळंभोर होतं आणि त्यातलं लायसिन बरंचसं हरवतं. गरम हवेच्या झोतात काही सेकंदांत सुकणारं रक्त लालसर-तपकिरी राहतं आणि चांगलं पचतं. दोन्हींवर 'रक्ताची भुकटी' असंच लिहिलेलं असतं. रंग पाहा, मग प्रश्न विचारा.

मासळीचा उरलेला भाग: ड्रायर नसला तरी चालतं

ज्याच्याकडे भांडवल कमी आहे त्याने सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. या पद्धतीला सायलेज म्हणतात. माशाच्या आतड्यांतली पाचक विकरंच मांस विरघळवतात. आपण फक्त आम्ल घालून सडवणाऱ्या जिवाणूंना दूर ठेवायचं.

ताजी आतडी, डोकी, सांगाडे एक सेंटिमीटरपेक्षा बारीक दळा. प्लॅस्टिकच्या पिंपात भरा, लोखंडी भांडं वापरू नका. १०० किलो मालाला ८५ टक्के तीव्रतेचं फॉर्मिक आम्ल साधारण तीन किलो, थोडं थोडं घालत सतत ढवळा. आम्ल मासळीत ओतायचं, मासळी आम्लात नाही. चष्मा, लांब हातमोजे आणि खेळती हवा यांशिवाय हे काम करायचं नाही. फॉर्मिक आम्ल कातडी जाळतं आणि त्याच्या वाफा घशाला लागतात. पीएच ४ च्या खाली आला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिला पाहिजे. हाडं जास्त असतील तर ती आम्ल खातात आणि पीएच पुन्हा वर सरकतो. मग अजून थोडं आम्ल.

२५ ते ३० अंशांच्या उबेत काही दिवसांत सगळं पातळ होतं. थंडीत आठवडे लागतात. रोज ढवळा, कोपऱ्यात आम्ल न लागलेला गोळा राहिला तर तिथून सड सुरू होते. आम्लाने जिवाणू आवरतात पण माशांचे काही विषाणू आवरत नाहीत, म्हणून पीएच ४ च्या खाली किमान २४ तास ठेवल्यावर ८५ अंशांवर २५ मिनिटं तापवायचा टप्पा गाळू नका. तापवल्यावर तेल वर तरंगतं. ते काढून घेऊन त्यात लगेच अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल खवट होऊ न देणारा पदार्थ, घाला. उरलेलं पातळ सायलेज कोंड्यात किंवा पेंडीत मुरवून वाळवलं की खाद्यात घालता येतं. आम्लात फार महिने ठेवलं तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कमी होत जातं, हे लक्षात ठेवून साठा फिरता ठेवा.

दळणं, गार करणं, पोत्यात भरणं

चुंबकावरून काढा, दळा, चाळा. गरम भुकटी पोत्यात भरू नका. आतल्या वाफेचं पाणी होऊन पोत्याच्या कडेला ओल धरते आणि तिथे बुरशी येते, शिवाय चरबीयुक्त भुकटीचा मोठा ढीग आतून तापत जाऊन पेटूही शकतो. ओलावा ५ ते ८ टक्के, आणि चरबी खवट होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट कुकरनंतर लगेच. इथॉक्सिक्विन या अँटिऑक्सिडंटच्या वापराला युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. बीएचटी आणि टोकोफेरॉल हे पर्याय वापरात आहेत.

साल्मोनेला कुकरमध्ये मरतो. तो परत येतो नंतर, आणि बहुतेक वेळा माणसाच्या बुटांवरून. कच्च्या बाजूचं फावडं तयार बाजूला गेलं, छतावरून वाफेचे थेंब भुकटीत पडले, उंदीर-पाखरं आत शिरली, की सगळी मेहनत पाण्यात. कच्चा आणि तयार विभाग यांच्यामध्ये भिंत हवी, दोन्हीकडे वेगळी अवजारं, वेगळे बूट, आणि माणसाने एका दिवशी एकाच बाजूला काम करावं.

तपासणीत कुठे फसगत होते

प्रथिनांचा आकडा म्हणजे नत्राचा आकडा गुणिले ६.२५. युरिया घातला तरी तो वाढतो, कच्चं पीस घातलं तरी वाढतो. म्हणून फक्त प्रथिनांवर माल घेणाऱ्याला कोणीही गंडवू शकतं. अमिनो आम्लांची यादी मागा, निदान लायसिन आणि मेथिओनिन तरी.

पेप्सिनच्या चाचणीतही एक खोच आहे. ०.२ टक्के तीव्रतेच्या पेप्सिनमध्ये जवळपास सगळाच प्राणिजन्य माल छान पचलेला दिसतो. तीव्रता शंभरपट कमी करून ०.००२ टक्क्यांवर चाचणी घेतली की चांगला आणि करपलेला माल वेगळा दिसू लागतो. अहवाल वाचताना तीव्रता कुठली होती ते आधी पाहा. याशिवाय राख, ओलावा, चरबीचा पेरॉक्साइड आकडा (खवटपणाचं माप), साल्मोनेला आणि रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा डीएनए, एवढं प्रत्येक लॉटला हवंच.

खाद्यात किती घालायचं

सुरुवातीला फिशमीलच्या निम्म्यापेक्षा जास्त बदलू नका. कोंबडीच्या भुकटीवर मुख्य भार टाका. पिसांची भुकटी एकूण खाद्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास, रक्ताचीही तितपतच, कारण रक्त जास्त झालं की बऱ्याच माशांची भूक मंदावते. एक हिशोब करून दाखवतो.

समजा १०० किलो खाद्यातलं १० किलो फिशमील काढायचं आहे. त्यातून साधारण ६.५ किलो प्रथिनं, ४९० ग्रॅम लायसिन आणि १८० ग्रॅम मेथिओनिन जातं. त्याऐवजी ७ किलो कोंबडीची भुकटी, दीड किलो पिसांची आणि दीड किलो रक्ताची घातली तर:

कोंबडीची भुकटी: प्रथिनं ४.३४ किलो, लायसिन २४५ ग्रॅम, मेथिओनिन ८० ग्रॅम
पिसांची भुकटी: प्रथिनं १.२३ किलो, लायसिन ३२ ग्रॅम, मेथिओनिन ९ ग्रॅम
रक्ताची भुकटी: प्रथिनं १.३४ किलो, लायसिन १२० ग्रॅम, मेथिओनिन १५ ग्रॅम

प्रथिनं ६.९ किलो, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. कागदावर जिंकलो. पण लायसिन ३९७ ग्रॅमवर अडकलं आणि मेथिओनिन १०४ वर. उरलेल्या खाद्यात या दोघांची शिल्लक नसेल तर सुमारे १२० ग्रॅम एल-लायसिन हायड्रोक्लोराइड आणि ७५-८० ग्रॅम डीएल-मेथिओनिन वरून घालावं लागेल. हे आकडे सरासरीचे आहेत. तुमच्या पोत्याचा अहवाल हातात घेऊन हाच हिशोब पुन्हा करा. जमल्यास एकूण अमिनो आम्लांऐवजी पचणाऱ्या अमिनो आम्लांवर करा, मग पिसांचा खरा भाव कळतो.

चरबीचं गणित वेगळं आहे. कोंबडीची चरबी ऊर्जा उत्तम देते, पण तिच्यात ईपीए आणि डीएचए ही मासळीच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं जवळपास नसतात. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पतींच्या तेलातून ते थोडेफार बनवू शकतात. बहुतेक समुद्री मासे नाहीत. म्हणून समुद्री माशांना थोडं मासळीचं तेल ठेवावंच लागतं, किंवा विक्रीआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत तेल वाढवून मांसातलं प्रमाण परत आणतात. पाणी थंड असेल तर घट्ट चरबी नीट पचतही नाही.

गोळी बांधण्यापूर्वी सगळं मिश्रण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दळा. जाड कण राहिला की गोळी तिथून फुटते. प्राणिजन्य भुकटी स्वतः चिकटत नाही, त्यामुळे पिठूळ घटकातला स्टार्च हवा, आणि तरंगती गोळी हवी असेल तर तो अजून थोडा जास्त.

तळ्यात सगळीकडे टाकण्याआधी

पचनीयता मोजायची साधी युक्ती आहे. एक नेहमीचं खाद्य, दुसरं त्याच खाद्याचे ७० भाग आणि नव्या घटकाचे ३० भाग मिसळून केलेलं, आणि दोन्ही खाद्यांत ०.५ टक्का क्रोमिक ऑक्साइड, जे माशाला पचत नाही. आठवडाभर सवय होऊ द्या, मग विष्ठा गोळा करा. विष्ठेत क्रोमिक ऑक्साइड २ टक्के निघालं तर खाद्याचा कोरडा भाग १ उणे ०.५ भागिले २, म्हणजे ७५ टक्के पचला. दोन खाद्यांच्या आकड्यांतून नव्या घटकाचा आकडा वेगळा काढता येतो.

त्यानंतर वाढीची चाचणी. प्रत्येक खाद्याला किमान तीन टाक्या, सारख्या वजनाचे मासे, किमान आठ आठवडे. तीन टाक्यांचा हट्ट यासाठी, की एकाच टाकीत मासे छान वाढले तर ते खाद्यामुळे की त्या टाकीच्या पाण्यामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. वजनवाढ आणि खाद्य रूपांतरण गुणांक (एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं) तर मोजाच, पण पहिल्या आठवड्यात खाद्य टाकल्यावर किती मिनिटांत संपतं तेही लिहून ठेवा. शिळ्या मालाची पहिली चुगली मासे इथेच करतात.

पाण्यातला फॉस्फरस या काळात दर आठवड्याला मोजा, विशेषतः मांस-हाडांची भुकटी वापरली असेल तर. हाडातला फॉस्फरस सोडवायला आम्ल असलेलं जठर लागतं. तिलापियाला ते आहे, कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. त्यांच्या बाबतीत हाडातला बराचसा फॉस्फरस जसाच्या तसा पाण्यात उतरतो आणि तळं हिरवं होतं. अशा तळ्यासाठी दळलेली भुकटी चाळून, हाडांचा जड भाग वेगळा करून, राख कमी असलेला भागच वापरा. वेगळा काढलेला हाडांचा चुरा नियमांत बसत असेल तर खत म्हणून जमिनीला द्या.